सूचना फलकावर, संकट उंबऱ्यावर

गावच्या पाण्याचा नमुना दूषित आला, हे गावाला केव्हा कळते? बहुतेक वेळा दवाखान्यातील खाटा भरल्यावर. तोपर्यंत ती माहिती कुठल्या तरी नोंदवहीत सुरक्षित असते. असुरक्षित असतात ती माणसे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली आणि २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या नांदेड गावातील विहिरीचा पाणीपुरवठा तपासाच्या केंद्रस्थानी आला. गाव महापालिकेत येते, कर येतो. शुद्ध पाणी मात्र मागून येते, हा त्याचा बोध होता. पुण्याच्या पूर्वेस वाढत असलेल्या दौंड-शिरूर पट्ट्याने तो वेळीच घ्यायला हवा. रेल्वे स्थानक, बाजार, गुऱ्हाळे आणि चौफुल्यापर्यंत पसरत गेलेली वस्ती यांमुळे केडगाव आता केवळ खेडे राहिलेले नाही. शिवाय पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा याच टापूतून वाहत जाऊन रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते.

यंत्रणा नाही, असे म्हणता येणार नाही. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत पिण्याचे पाणी आणि आरोग्य-स्वच्छता आहे. गावोगावी जलसुरक्षक आहे. टीसीएल टाकल्यावर नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरिन उरला की नाही, हे पाहण्याची साधी चाचणी आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती कुटुंबांना ठाऊक आहे?

सुरक्षेचेही तेच. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यांत लहान मुलेही होती. उसाचे रान आणि बिबट्याचा वावर यांचे नाते या भागाला नवे नाही. एका दूरध्वनीसरशी साऱ्या गावाला ध्वनिसंदेश देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणाही उपलब्ध आहे. पण तो संदेश पोहोचतो, तो ज्यांचे क्रमांक नोंदलेले आहेत त्यांनाच.

खरी मेख येथे आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहणारे ऊसतोड मजूर ना गावच्या मतदारयादीत असतात, ना भ्रमणध्वनीवरील कुठल्या गटात. पहाटेच्या अंधारात फडात शिरतात तेच आणि मिळेल ते पाणी पितात तेही तेच. सर्वाधिक धोका ज्यांना, सूचना नेमकी त्यांनाच नाही! ज्या गावाच्या शिवारात ते घाम गाळतात, त्या गावाचे ते आप्तच आहेत, ही जाणीव कोणत्याही शासकीय परिपत्रकाने येत नाही. ती समाजाने बाळगायची असते.

इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज सरकारजवळ साथरोग कायदा होता, घरझडतीला सैनिक होते. नव्हता तो लोकांचा विश्वास. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचे निर्बंध असताना पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित मुलींना केडगावच्या आपल्या जमिनीवर आणले होते. धाक दाखवून साथ आवरत नाही, तशी माहिती दडवूनही आवरत नाही. बदनामीच्या भयाने दूषित नमुन्याची वाच्यता न करणारा कारभारी गावाची अब्रू राखत नाही. तो गावाचा जीव टांगणीला लावतो.

म्हणून काही साध्या गोष्टी आग्रहाने व्हाव्यात. पाणी तपासणीचा निष्कर्ष, चांगला असो वा वाईट, तारखेसह चावडीवर, शाळेत आणि रेशन दुकानात लागावा. नमुना दूषित आला तर त्याच दिवशी दवंडी पिटली जावी आणि ती वाड्या-वस्त्यांवर व कोप्यांपर्यंत जावी. बिबट्या दिसल्याची वार्ता वनखात्याकडे, पोलीस पाटलाकडे आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडे एकाच वेळी पोहोचावी.

आणि हे विचारण्याची जागा ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरते; गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमत नाहीत आणि तहकूब सभेत कारभार उरकला जातो, ही तक्रार करणाऱ्यांपैकी किती जण स्वतः सभेला जातात? उत्सवाच्या मांडवासाठी रात्र जागवणारे तरुण वर्षातून चार दुपारी गावाच्या पाण्यासाठी नक्कीच देऊ शकतात. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी एकच प्रश्न विचारावा – शेवटचा नमुना कधी तपासला आणि त्यात काय निघाले? उत्तर मिळेपर्यंत मात्र कोणी उठू नये.