समन्स वाचून दाखवणारं माणूस प्रत्येक गल्लीत हवं



दिवाणी न्यायालयाचं समन्स आलं की कित्येक घरांत ते देवघराच्या फळीवर जाऊन पडतं. काही जण ते घेतच नाहीत. घेतलं नाही म्हणजे दावा लागू होत नाही, असा समज. मुदत मात्र धावू लागलेली असते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. न्यायालयाने ठरवलं तर ९० दिवसांपर्यंत सवड मिळते. तारखेला कोणी हजरच झालं नाही, तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो. तो रद्द करून मागता येतो, पण त्यालाही मुदत आहे. घर किंवा शेत हातचं जायची वेळ आल्यावर धावाधाव करणारी माणसं पाहिली की जीव तुटतो, कारण तिथे पहिल्या आठवड्यात एवढंच सांगणारं कोणी हवं होतं: ‘ही तारीख चुकवू नका, उद्या माझ्याबरोबर तालुक्याला चला.’

हे काम करणाऱ्या माणसाला विधी स्वयंसेवक म्हणतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, कॉलेजची मुलं, कोणीही अर्ज करावा. निवड झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रशिक्षण देतं. ही नोकरी नव्हे. नेमलेल्या कामाच्या दिवसांचं मानधन तेवढं मिळतं. शेजाऱ्याकडून मात्र एक रुपयाही घ्यायचा नाही. कोर्टात बाजू मांडायची नाही, ‘केस जिंकून देतो’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. कागद समजावायचा, अर्ज लिहून द्यायचा, योग्य दारापर्यंत सोबत जायचं. बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, एवढी एक गोष्ट घराघरांत पोचली तरी केवढं काम होईल!

बहिणींच्या वाट्याचं उदाहरण घ्या. वडिलांचे दिवस झाले की पुढ्यात हक्कसोडपत्र येतं. माहेर तुटायला नको म्हणून ती सही करते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. सही करायची की नाही, हे तिचं तिने ठरवावं. पण आधी तिला हे कळायला हवं, आणि ते तिच्या बाजूने बसून, घाई न करता, कोणीतरी सांगायला हवं.

म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं विचारत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. घरमालकाने भाडेकरूचं पाणी तोडलं, तर त्यावरही कायद्यात उपाय आहे. उसनवारीचा किंवा बांधाचा वाद लोकअदालतीत मिटू शकतो. तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नसतं. म्हणूनच तिथे सही करण्याआधी प्रत्येक अट नीट वाचून घेणारं माणूस जवळ हवं.

आपल्या तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा आणि स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे, ते विचारा. ज्यांना आजच मदत हवी आहे, त्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन करावा. बायांनी जास्त संख्येने पुढे यावं, ही कळकळीची विनंती: घरातलं दुखणं बाई बाईपाशीच आधी बोलते.