गाडीची रोजकीर्द ज्याची त्याने वाचावी



गाडी कशी चालवली याचे गुण देणारी ॲप आता बऱ्याच घरांत आली आहेत. मुले ती हौसेने मोबाईलमध्ये घेतात, काही नव्या गाड्यांत ती कंपनीच देते. त्याबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकते. ही सोय चांगली आहे, जरूर वापरावी. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्यानेच तो हिशेब वाचावा. घरातल्या इतरांनी त्यावरून निवाडा करू नये.

या ॲपचे काम तसे साधे आहे. आपण कुठे आहोत आणि किती वेगात आहोत हे मोबाईलला जीपीएसवरून कळते. हालचालीतला झटका मोजणारा सेन्सरही त्यात असतो. त्यावरून ब्रेक किती वेळा जोरात दाबला, वेग एकदम किती वेळा वाढवला, वळण जोरात घेतले का, चालवताना फोन हाताळला का, याची नोंद होते. प्रवास संपला की गुण समोर येतात. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे मला ही रोजकीर्दच वाटते. पैसे कधी आणि किती गेले हे रोजकीर्द सांगते. का गेले, ते आपणच शोधायचे असते.

हे शोधणे का गरजेचे, त्याचे आकडे मन हलवणारे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतल्या शंभरातल्या सत्तरहून जास्त मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. वेग ६० चा ८० केला तर वाढ वीसचीच दिसते, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला पावणेदोन पटीहून थोडे जास्तच अंतर लागते. पेट्रोलचेही तेच. शहरातल्या गर्दीत धसमुसळेपणाने गाडी चालवली तर ॲव्हरेज १० ते ४० टक्के कमी होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. घरखर्च सांभाळणारीला याहून वेगळे काय सांगायचे!

आमच्याकडे ह्यांनी महिनाभराच्या नोंदी स्वतःच काढून पाहिल्या. जोरात ब्रेक लागले होते ते जवळजवळ सगळे सकाळी दुकानाला जातानाचे. रात्री परत येताना एखादा-दुसराच. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणाराही तोच. मग लक्षात आले की गडबड निघण्याच्या वेळेत आहे. आता हे दहा मिनिटे आधी निघतात आणि सकाळचे ब्रेक आपोआप कमी झाले. हे दुसऱ्या कोणी सांगितले असते तर वाद झाला असता. स्वतः वाचले म्हणून पटले.

आपल्याला ईर्यासमिती ठाऊक आहे. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. आपण श्रावक, संसारी माणसे, आणि गाडीच्या वेगात चार हात तर पापणी लवते तेवढ्यात संपतात. पण त्यामागचा भाव आपण घेऊ शकतो. पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवायचे, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू आडवे आले तरी वेळेवर थांबता येते. आता गंमत अशी की पिल्लाला वाचवायला करकचून ब्रेक दाबला तरी ॲप गुण कापतेच. जीव वाचला हे त्याला कळत नाही. म्हणून एका दिवसाच्या गुणांवरून कोणाला नावे ठेवू नयेत.

आणि नेमके तेच घडते आहे. आमच्या नात्यातल्या एका घरात सूनबाईंचे ॲप सासऱ्यांच्या मोबाईलला जोडले आहे. संध्याकाळी चहाच्या वेळी विचारणा होते, "आज तीन ब्रेक कशाला लागले?" पाठोपाठ, "माहेरी पाऊण तास थांबलीस वाटतं?" मुलाचे गुण मात्र कोणी विचारत नाही. तिने चांगली शिकलेली गाडी आता दारात उभी असते आणि ती रिक्षाने जाते. सांगा बरे, यात कोणाचे चालवणे सुधारले? मला तर हा सरळ पहाराच वाटतो. नवशिक्या मुलाला किंवा मुलीला पहिले काही महिने सांगून-सवरून, त्यांच्या संमतीने नोंदी दाखवायला लावणे वेगळे. तेव्हाही नियम मुलाला आणि मुलीला एकच हवा.

घराबाहेरचे डोळेही विसरू नका. आपल्याकडे विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये गाडी किती आणि कशी चालवता यावर हप्ता ठरवणारी जोड-योजना द्यायला परवानगी दिली. जपून चालवणाऱ्याला तिचा फायदा होऊ शकतो. पण अमेरिकेत लोकांच्या चालवण्याची माहिती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सवर ठेवला. म्हणून परवानगीचे बटण दाबण्याआधी माहिती कोणाकोणाला जाणार ते वाचा. नाही समजले तर मुलांना विचारा, त्यात लाज कसली!

वापरायचे तर असे वापरा. गाडी चालू असताना ॲपकडे पाहायचे नाही. रविवारी निवांतपणे आठवड्याच्या नोंदी एकदा वाचायच्या. त्यांतली एकच सवय निवडायची, मग ती वेगाची असो, ब्रेकची असो की फोनची, आणि महिनाभर तेवढ्यावरच लक्ष ठेवायचे. गुण कोणाला दाखवायचे नाहीत, कोणाचे मागायचेही नाहीत.

आणि ज्या घरात सुनेचे ॲप दुसऱ्याच्या मोबाईलला जोडलेले असेल, तिथल्या सासूबाईंना माझी विनंती आहे. ते काढून टाकायला तुम्हीच सांगा. तुमचा शब्द घरात चालतो.