डांबरातील मेण आणि दिल्लीची हवा

राजधानीची हवा 'गंभीर' श्रेणीत गेली की वीटभट्ट्या व स्टोन क्रशर यांच्याबरोबर हॉट मिक्स प्लांटही बंद करावेत, अशी तरतूद २०१७ च्या प्रदूषण प्रतिबंधक आराखड्यात होती. मात्र आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालानुसार दिल्लीतील पीएम १० उत्सर्जनात रस्त्यांवरील धुळीचा वाटा ५६ टक्के होता. म्हणजे धूर थांबवण्यासाठी डांबरीकरण थांबवायचे आणि उखडलेल्या रस्त्यांची धूळ सोसायची. हा पेच निव्वळ बंदीने सुटणारा नाही.

त्यावर एक उपाय तंत्रज्ञानात आहे. नेहमीचे मिश्रण सुमारे १५० ते १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. डांबरात वजनाच्या दोन-तीन टक्के कृत्रिम मेण मिसळल्यास ते सुमारे शंभर अंशांना वितळून डांबर पातळ करते. त्यामुळे वीस-तीस अंश कमी तापमानातही खडीवर लेप नीट बसतो. इंधन वाचते, वाफा घटतात. रोलरमागे उभ्या असलेल्या मजुराच्या श्वासाला तेवढाच दिलासा मिळतो. थंड झाल्यावर हेच मेण स्फटिकरूप घेऊन डांबर कठीण करते. दिल्लीच्या उन्हाळ्यात अवजड वाहनांमुळे चाकोऱ्या पडणाऱ्या रस्त्यांना हा गुण उपकारकच आहे.

अर्थात, मेण ही जादू नव्हे. मात्रा वाढली तर डांबर ठिसूळ होऊन थंडीत तडे जाण्याचा धोका असतो. कमी तापमानात खडीतील ओलावा उरला तर डांबर सुटते. म्हणून काटेकोर चाचणी अपरिहार्य आहे. ती क्षमता आपल्याकडे आहे: केंद्रीय रस्ते संशोधन संस्था दिल्लीतच आहे, आणि इंडियन रोड्स काँग्रेसने अशा मिश्रणांची मार्गदर्शक तत्त्वे २०१४ मध्ये काढून २०१९ मध्ये सुधारलीही आहेत.

उणीव आहे ती निविदेत. सर्वांत कमी दराच्या निकषापुढे जादा खर्चाचे मिश्रण टिकत नाही. इंधनाची बचत हिशेबात धरली जाते, स्वच्छ हवेची किंमत मात्र कोणीच मांडत नाही. महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने रस्त्याच्या आयुष्यभराच्या खर्चावर निविदा तोलावी, दोषदायित्वाचा काळ वाढवावा आणि प्लांटमधील तापमानाची नोंद देयकाशी जोडावी. एनसीआरच्या हवा गुणवत्ता आयोगानेही कमी तापमानाच्या मिश्रणाला नियमांत वेगळे स्थान द्यावे. हिवाळा आल्यावर टाळे लावण्यापेक्षा उन्हाळ्यातच निविदेची अट बदलणे अधिक शहाणपणाचे.