फरशीचे पैसे फरशीखाली घाला



भातकाढणी उरकत आली, आता गावात बांधकामं सुरू होतील. कोणी पोती ठेवायला शेड काढणार, कोणी भाड्याच्या खोल्या. म्हणून आज पिकाऐवजी काँक्रीटबद्दल लिहितोय. माझ्याच चुकीची गोष्ट आहे, लाज वाटली तरी सांगतो.

आमच्या हिंजवडीत एकेकाळी भाताची खाचरं होती. त्यातलंच घरामागचं एक खाचर मी मुरूम टाकून भरलं आणि एप्रिल 2024 मध्ये 10 बाय 20 च्या दोन खोल्या काढल्या. एक भात-बियाण्याला, दुसरी आयटीतल्या पोरांना भाड्याने. मुरमावर चार इंच काँक्रीट ओतलं, वर घोटून कोबा केला. पावसाआधी भाडं सुरू व्हावं म्हणून महिन्याच्या आतच एका खोलीत लाकडासारखं दिसणारं विनाइल चिकटवून घेतलं.

श्रावणात विनाइलला फुगे आले. उचलून बघितलं तर खाली गोंद चिकट, काळा आणि कुबट वास. मला वाटलं पोरं पाणी फार ओतून पुसतात. बोललो त्यांना, आता वाईट वाटतं. दुसऱ्या खोलीत दिवाळीनंतर इंद्रायणीची पोती थेट कोब्यावर थप्पी लावून ठेवली होती. मे महिन्यात बियाण्याची खालची पोती काढली, ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून गुंडाळले. उगवले 61. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 80 टक्के लागते. वरच्या थरातल्या पोत्यातले 100 घेतले, त्यातले 88 उगवले. बियाणं एकच, खोली एकच, फरक फक्त जमिनीला टेकल्याचा.

छत गळत नव्हतं, भिंती कोरड्या होत्या. पाणी खालून येत होतं.

आपल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. क्षारपड जमिनीत केशाकर्षणाने पाणी वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर पांढरं दिसतं. भिंतीला लोणा लागतो तोही तसाच. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण आतून बारीक छिद्रांचं असतं. खाली बारीक मातीचा मुरूम असेल तर तो कंदिलाच्या वातीसारखा ओल वर ओढतो, आणि काँक्रीट ती वाफेच्या रूपात वर सोडतं. उघड्या कोब्यावर ती हवेत निघून जाते, दिसत नाही. विनाइल, लॅमिनेट किंवा पोत्यांची थप्पी ठेवली की ती तिथेच कोंडते. वर काँक्रीटचा सामू 12 च्या पुढे. ही क्षारयुक्त ओल गोंदाला खाते.

दुसरं पाणी काँक्रीटच्या पोटातलंच. एका पोत्यामागे आपण 25 ते 28 लिटर पाणी घालतो. सिमेंटला पक्कं व्हायला त्यातलं साधारण 12 लिटर पुरतं. 10 बाय 20 च्या चार इंची स्लॅबला 15 एक पोती धरा. म्हणजे 200 लिटरचा एक ड्रम जादा पाणी आपणच आत भरतो आणि त्यातलं बरंचसं पुढे महिनोन्‌महिने बाहेर येत राहतं. त्यावर मी तिसऱ्या आठवड्यात झाकण लावलं.

इथे आपल्याकडे एक गल्लत होते. पाणी मारणं म्हणजे क्युरिंग आणि वाळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित पीपीसीला किमान 10 दिवस, कडक उन्हात त्याहून जास्त. वाळणं त्यानंतर सुरू होतं. ढोबळ हिशोब इंचाला एक महिना, म्हणजे चार इंचाला चार महिने, तेही कोरड्या हवेत. आपल्या पावसाळ्यात स्लॅब वाळत नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फरशी कोणती घ्यायची यावर आपण दुकानात दोन दिवस घालवतो आणि फरशीखाली काय घालायचं ते मिस्त्रीवर सोडतो. हे उलटं पाहिजे.

खाली असं करा. भराव नीट दाबा. त्यावर 4 ते 6 इंच स्वच्छ खडी, चुरा नसलेली. मोठ्या खडीतून ओल वर चढत नाही. खडीची टोकं झाकायला वाळूचा पातळ थर, मग किमान 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. जोड 6 इंच एकमेकांवर घेऊन टेपने चिकटवा, कडा भिंतीवर स्लॅबच्या उंचीपर्यंत वळवा. सळई बांधताना भोक पडलं तर लगेच ठिगळ लावा. शेततळ्याला आपण 500 मायक्रॉनचा कागद घालतो, पाणी खाली जाऊ नये म्हणून. इथे पाणी वर येऊ नये म्हणून, एवढाच फरक.

मिस्त्री म्हणेल, "वॉटरप्रूफ पावडर टाकतो, कागद कशाला?" पावडरने काँक्रीट घट्ट होतं, पण वाफ पूर्ण थांबत नाही, आणि तडा गेला की तिथून वाट मोकळी. एक खरं आहे, कागद घातला की स्लॅबला वरूनच वाळावं लागतं, वेळ जास्त लागतो. तो वेळ द्यावाच लागतो.

मग वेळ कुठून आणायचा? दिवाळी ते पौष या काळात स्लॅब ओता, होळी-पाडव्याच्या कोरड्या हवेत वाळू द्या, मे महिन्यात फरशी. चिकटवण्याआधी दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर, निदान 16 तास ठेवा. सकाळी खाली दव किंवा काळा डाग दिसला तर थांबा. कोरडं दिसलं तरी पोटात ओल असू शकते, म्हणून महाग फरशी घालणाऱ्याने स्लॅबला भोक पाडून आतली आर्द्रता मोजून घ्यावी.

ज्यांचा स्लॅब आधीच झालाय, त्यांनी पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट लांब ठेवावीत. पत्र्याचं पाणी पन्हळीने लांब न्यावं. 2025 च्या जूनमध्ये आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले ते सगळ्यांनी पाहिलं. रस्त्यावरचं ओसरलं, भरावाखालचं लगेच ओसरत नाही.

आमच्या आजीची कणगी दगडांवर उभी असायची, घराचं जोतं दोन हात उंच आणि जमीन शेणाने सारवलेली. ओल येत होती, पण निघूनही जात होती. आपण सिमेंट आणलं ते चांगलंच केलं. फक्त जोत्याची आणि दगडांची अक्कल सोबत आणायची राहिली.

दुसऱ्या खोलीचं विनाइल मी काढून टाकलंय. भाडं तीन महिने बुडलं. यंदा बियाणं विकत आणलं. कागदाचा खर्च याच्यापुढे काहीच नव्हता.