वर्ग कशाचा? रकमेचा की धोक्याचा?

हैदराबादेत आबिड्सला लागून असलेल्या नामपल्लीतील बाजारघाटात १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका निवासी इमारतीला आग लागून ९ जण मृत्युमुखी पडले. खाली रसायनांची पिंपे होती, वर बिऱ्हाडे! राष्ट्रीय इमारत संहितेने वापरानुसार ९ गट पाडले असून निवास, साठवण व धोकादायक हे गट त्यात स्वतंत्र आहेत. सरकारी खाती मात्र ठेकेदारांचे वर्ग मुख्यतः कामाच्या रकमेवरून ठरवितात. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबमधील आगीत २५ बळी गेल्यानंतर गोमंतकाने तरी बोध घ्यावा. ठेकेदाराचा परवाना, बांधकाम परवानगी व भोगवटा दाखला या तिन्हींवर इमारतीचा गट नोंदविणे सक्तीचे करावे. तरच वापर परस्पर बदलणाऱ्यास जाब विचारता येईल, असे आम्हांस वाटते.