विश्लेषण : गुलमर्गमध्ये मार्चमधला बर्फ… पर्यटक खूश, मग बागायतदार चिंतेत का?

गुलमर्गमधील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा दुसरा टप्पा २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीपासून होणार होता. उतारांवर पुरेसा बर्फच नसल्याने तो पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारी सरता सरता बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्च २०२५ या काळात स्पर्धा पार पडल्या. पाठोपाठ २६ मार्चला श्रीनगरमध्ये ट्युलिप बाग खुली झाली. वर बर्फ, खाली फुले! पर्यटकांसाठी याहून चांगला योग नाही. काश्मीरसाठी मात्र हे गणित तितके सोपे नाही.

चिल्लई कलां म्हणजे काय?

काश्मिरी हिवाळ्याचे स्वतःचे कॅलेंडर आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलां, म्हणजे सर्वांत कडक थंडी. त्यानंतर २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. फिरन, कांगडी आणि सकाळी सकाळी हरिसा हे याच दिवसांचे सोबती. या ४० दिवसांत पडलेल्या बर्फावर खोऱ्याची मदार असते. रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली असल्याने तो गोठतो, पुढच्या थराखाली दाबला जातो, घट्ट होतो. उंच डोंगरांवर तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो आणि हळूहळू वितळत झेलम, ओढे आणि झऱ्यांना पाणी देत राहतो. धरणाविना चालणारी ही साठवण आहे.

उशिराचा बर्फ वेगळा कसा?

फेब्रुवारीअखेर सूर्य वर आलेला असतो, दिवस मोठा होतो, जमीन उबदार होऊ लागते. अशा वेळी पडणारा बर्फ ओलसर आणि जड असतो. खालच्या भागात तो काही दिवसांतच वाहून जातो. म्हणजे मोजमापात तेवढाच बर्फ पडला, तरी भात लावणीच्या वेळी, जूनमध्ये, त्यातले किती पाणी हाती राहील हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातील अछबलच्या मुघल बागेतला प्रसिद्ध झरा आटला, तेव्हा ही चिंता कागदावरची राहिली नाही.

हिवाळ्यात काश्मीरला बर्फ देतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या प्रणाली दुबळ्या ठरल्या किंवा उत्तरेकडून निघून गेल्या की खोरे कोरडे राहते. जानेवारी २०२४ मध्ये हेच घडले होते. भर चिल्लई कलांमध्ये गुलमर्गची पिवळी पडलेली कुरणे उघडी होती. बर्फ आला तो महिना संपता संपता.

सफरचंदाचा याच्याशी संबंध काय?

सफरचंद, बदाम, अक्रोड या झाडांना हिवाळ्यात ठरावीक काळ थंडीची विश्रांती लागते. फेब्रुवारीत ऊन तापले तर कळ्या वेळेआधी जाग्या होतात. मग मार्च-एप्रिलमध्ये हिमवर्षाव किंवा दहिवर पडले की मोहोर करपतो. बदाम सर्वांत आधी फुलतो, म्हणून पहिला फटकाही त्यालाच. पर्यटक ज्या दृश्यासाठी थांबून फोटो काढतात, फुललेल्या फांदीवर बर्फ, ते बागायतदाराला नको असते.

पर्यटकांनी या दिवसांत जाऊच नये का?

तसे मुळीच नाही. बर्फ नसेल तर तंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने देणारे, स्लेज ओढणारे, घोडेवाले यांचा हंगामच बुडतो. मार्चच्या बर्फाची मजाही वेगळी आहे: हवा बोचरी नसते, ऊन छान असते. फक्त दिवसाचे वेळापत्रक बर्फाच्या हिशेबाने आखावे लागते. रात्री गोठलेला उतार पहाटे काचेसारखा टणक असतो. दहाच्या सुमारास वरचा थर सैल झाला की स्कीइंगला उत्तम. दुपारनंतर त्याचा चिखल होतो. नवख्यांनी काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नये. बर्फावरून परतणारे ऊन चेहरा भाजून काढते.

खरा धोका हिमस्खलनाचा. गुलमर्गमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा त्यात मृत्यू झाला. कोरड्या जुन्या थरावर अचानक भरपूर नवा बर्फ साचला की तो नीट धरून बसत नाही. त्यात ऊन वाढले की पाणी मुरून थर आणखी सैल होतात. त्यामुळे गोंडोलाचा वरचा, अफरवतचा टप्पा बंद ठेवला तर ‘पैसे भरले आहेत’ म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबे मुलांच्या परीक्षा आटोपून एप्रिल-मेमध्ये जातात. तोवर गुलमर्गची कुरणे हिरवी झालेली असतात आणि बर्फ अफरवतच्या माथ्यावर किंवा सोनमर्गच्या थाजीवासकडे शोधावा लागतो. तो तिथे मे महिन्यात किती उरेल, हे मार्चमध्ये किती पडला यापेक्षा जानेवारीत किती पडला होता यावर जास्त अवलंबून असते.