पार्किन्सन्सच्या रुग्णांनी नाचल्याने मनाला नेमका काय फायदा होतो?

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला थरथरणारे हात आठवतात. पण हा आजार फक्त हातापायांचा नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसतात. घरच्यांना मात्र बऱ्याचदा वाटतं, 'वय झालं की असं होतंच.' औषधांच्या जोडीला नृत्याचे वर्ग इथे मदत करू शकतात, असं अलीकडचं संशोधन सांगतं. पण कितपत? समजून घेऊया.

मन का खचतं?

मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, तेव्हा पार्किन्सन्स होतो. डोपामाइन हालचालींसाठी लागतं, तसंच उत्साह वाटण्यासाठीही. त्यामुळे नैराश्य ही आजारपणाची फक्त प्रतिक्रिया नसते, ते आजाराचाच भाग असू शकतं.

त्यात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि हसू उमटत नाही. मग नातवंडांना वाटतं, आजोबा चिडलेत. आवाज बारीक होतो, कपातला चहा सांडतो. लोक बघतात म्हणून लग्नकार्याला जाणं बंद होतं. माणूस घरातच कोंडला जातो.

नृत्याची कल्पना कुठून आली?

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुप आणि तिथल्या पार्किन्सन्स रुग्णांच्या गटाने मिळून 'डान्स फॉर पीडी' हा वर्ग सुरू केला. तिथे व्यावसायिक नर्तक शिकवतात. सुरुवात खुर्चीत बसून होते, मग जमेल तसं उभं राहून. आलेल्या माणसाकडे रुग्ण म्हणून नाही, तर नृत्य शिकणारा म्हणून पाहिलं जातं. आज असे वर्ग अनेक देशांत चालतात. पुण्यातही समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला.

संशोधन काय सांगतं?

कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पार्किन्सन्सचे २३ रुग्ण आणि ११ निरोगी व्यक्ती ८ महिने नृत्यवर्गाला जात होत्या. रुग्णांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली. भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूच्या एका भागातही बदल दिसला.

पण हा अभ्यास छोटा होता. शिवाय अशा वर्गांना येणारे लोक मुळातच उत्साही असू शकतात. त्यामुळे 'नाचा आणि नैराश्य घालवा' असं म्हणणं घाईचं ठरेल.

२०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १५६ चाचण्या आणि ७,९३९ रुग्णांची माहिती तपासली गेली. बहुतेक प्रकारच्या व्यायामांनी हालचाली आणि जगण्याची गुणवत्ता सुधारते, पण व्यायामाच्या प्रकारांमध्ये फार फरक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे नृत्य हा काही जादूचा उपाय नाही.

मग नृत्यच का?

कारण व्यायामाची खरी अडचण असते ती टिकण्याची. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो. नृत्यात संगीत असतं, सोबत असते आणि पुढच्या आठवड्यात वाट पाहणारं कुणीतरी असतं.

दुसरं म्हणजे ताल. चालताना पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे होणं हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. गाण्याचा ठेका बाहेरून इशारा देतो आणि काही जणांना पाऊल उचलणं सोपं जातं. हे जमलं की आत्मविश्वास वाढतो.

तिसरी गोष्ट नात्याची. पती किंवा पत्नी वर्गात सोबत नाचते, तेव्हा गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांच्या फेऱ्या तासभर बाजूला राहतात.

सुरू करण्याआधी काय लक्षात ठेवायचं?

आधी डॉक्टरांशी बोला. तोल जाण्याचा धोका असतो, त्यामुळे जवळ भक्कम खुर्ची आणि मदतीला माणूस हवा. औषधाचा असर चांगला असतो, ती वेळ निवडा. गोळ्या स्वतःहून बंद किंवा कमी करू नका.

उदासी अनेक आठवडे राहिली, झोप आणि भूक बिघडली, तर फक्त वर्गावर भिस्त ठेवू नका. तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. तपासणीच्या वेळी हात किती थरथरतो हे सगळेच सांगतात. मन कसं आहे, हे मात्र मुद्दाम सांगावं लागतं.